फ्लश करूनही रेडिएटरचं पाणी पुन्हा तांबडं होतंय? जुन्या फियाट, पद्मिनी, ॲम्बेसेडरवाल्यांसाठी

लक्षण सगळ्यांकडे सारखंच. गॅरेजमधून रेडिएटर धुऊन आणला, नवं पाणी भरलं, काही आठवडे टेम्परेचरचा काटा शहाण्यासारखा मध्ये राहिला. मग एके दिवशी घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागतो आणि काटा वर सरकायला लागतो. घरी आल्यावर इंजिन गार होऊ द्यावं, झाकण उघडावं, तर आत विटकरी पाणी आणि झाकणाच्या रबरावर बोटाला लागणारा तांबडा गाळ. पुन्हा फ्लश आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. ठाण्यात नि नवी मुंबईत जुन्या गाड्या सांभाळणारे कुणीही भेटले की गप्पा हमखास इथे येऊन अडकतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय. माझ्याकडे वडिलांची १९७८ ची पद्मिनी आहे, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील. ॲम्बेसेडर किंवा जीपवाल्यांनी फरक असेल तिथे लक्ष द्यावं, बाकी दुखणं एकच आहे.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. धुताना कसर राहिली हे गंज परत येण्याचं एक कारण असतंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे आपण वरचेवर पाणी भरत राहतो. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. यंत्रणा बंदिस्त असेल तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थोड्याच दिवसांत संपतो आणि गंजण्याचा वेग एकदम मंदावतो. पण तुम्ही रोज सकाळी पाव लिटर ताजं पाणी ओतत असाल तर रोज ताजा ऑक्सिजन आणि सोबत क्षार आत घालताय. त्या हिशेबाने कितीही चांगला फ्लश केला तरी तो टिकणार नाही. पाणी जातं कुठे हे सापडेपर्यंत साफसफाईला हात लावू नका, पैसे वाया जातील.

पाणी जातं कुठे

सगळ्यात जास्त वेळा पाणी कुठेच गळत नसतं! जुन्या रेडिएटरला ओव्हरफ्लोची बाटली नसते, नुसती एक बारीक नळी गळ्यापासून खाली रस्त्याकडे सोडलेली असते. पाणी २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापलं की साधारण ३ टक्क्यांनी फुगतं. यंत्रणेत पाच लिटर पाणी धरलं तर दीडशे मिलीच्या आसपास जागा लागते. आपण मात्र सकाळी काठोकाठ भरतो. गाडी तापते, जादा पाणी नळीतून रस्त्यावर जातं. गाडी गार होते, पाणी आकसतं आणि त्याच नळीतून हवा आत येते. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, आपण पुन्हा काठोकाठ भरतो. हे चक्र वर्षभर चाललं तर इंजिनच्या आतून किती ताजं पाणी नि हवा फिरून गेली याचा विचार करा. टॅक्सीच्या काळात ही सवय ठीक होती, कारण गाडी दिवसभर रस्त्यावर असायची आणि इंजिन ठरावीक वर्षांनी उघडलंच जायचं. आपल्या गाड्या आठवड्यातून एकदा निघतात. बाटली नसेल तर पाणी गळ्याच्या साधारण इंचभर खाली, नळ्यांची वरची टोकं बुडतील इतकंच ठेवा. गाडीने तिथे पातळी धरली की तीच तिची पातळी समजा.

त्याहून बरा उपाय म्हणजे बाटली बसवणं. कुठल्याही छोट्या गाडीची कूलंटची बाटली चालते. ओव्हरफ्लोची नळी बाटलीच्या तळापर्यंत जायला हवी, म्हणजे गार होताना इंजिन हवेऐवजी कूलंट परत ओढेल. पण जुनं झाकण यासाठी चालत नाही. झाकणाला दोन रबरं हवीत, एक गळ्याच्या वरच्या कडेवर बसणारं आणि एक आतलं, आणि मधला छोटा व्हॉल्व्ह बोटाने ओढला की उघडायला हवा. नवं झाकण घेताना दाब बघून घ्या. अनेक जुन्या गाड्यांची झाकणं ४ ते ७ पीएसआयची असतात, आजच्या गाड्यांची त्याच्या दुपटीहून अधिक. दुकानदार 'साइज एकच आहे, बसतंय ना' म्हणून नवं जाड झाकण देतो आणि मग पन्नास वर्षांच्या रेडिएटरचा डाख सुटतो. दाब १ पीएसआयने वाढला की पाण्याचा उकळबिंदू दीडेक अंशाने वाढतो हे खरं, पण तो फायदा गाडीच्या मूळ दाबापर्यंतच घ्यायचा.

दुसरी जागा वॉटर पंपची. पंपाच्या पोटाखाली एक छोटं छिद्र असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथून थेंब पडतोय म्हणून एम-सीलने छिद्र बुजवलेले पंप मी पाहिलेत. तसं करू नका, बेअरिंग जाईल आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसेल. पंपाच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे खालच्या होजला, आणखी एक गंमत असते. इथे गळती दिसतच नाही. इंजिन चालू असताना ढिल्या क्लिपमधून पाणी बाहेर न येता हवा आत ओढली जाते. वरून झाकण उघडून पाहिलं तर पाण्यात बारीक फेस दिसतो. फेस म्हणजे इंजिनभर ऑक्सिजन. नुसती क्लिप आणि होज बदलून थांबणारा हा गंज आहे.

तिसरी जागा हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा खालचा भाग (ब्लॉक) आणि वरचा भाग (हेड) यांच्यामधलं पातळ पॅकिंग. गार इंजिनचं झाकण काढा, सुरू करा, हलकेच ॲक्सिलरेटर द्या आणि गळ्यात बघत राहा. पंपाच्या फिरण्याने पाणी हललं तर ठीक, पण एका लयीत मोठे बुडबुडे येत असतील तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. तो पाणी आम्लधर्मी करतो आणि दाबाने बाहेरही ढकलतो. शंका असेल तर निळ्या द्रवाची टेस्टर किट असलेलं गॅरेज शोधा, रेडिएटरच्या तोंडावर धरल्यावर द्रव पिवळा पडला की निकाल लागला. इथे केमिकल-बिमिकल काही उपयोगाचं नाही, हेड उतरवावंच लागतं.

पाण्याचा तपास झाला की विजेचाही करा. ज्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला आहे तिथे मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल तारेचं टोक, गळ्याला न टेकवता, पाण्यात बुडवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पाणी बदलायची वेळ आली. हेडलाइट, वायपर, स्टार्टर लावल्यावर आकडा एकदम चढत असेल तर इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थ पट्टी सडलीये, करंट पाण्यातून वाट काढतोय. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन बिडाचं, त्यावर हेड ॲल्युमिनियमचं आणि समोर तांब्या-पितळेचा रेडिएटर. तीन वेगळे धातू एकाच पाण्यात असले की आधीच एकमेकांना खातात, त्यात बाहेरचा करंट नको.

कुठे तापते त्यावरून काय समजतं

तीन हात नाक्याच्या सिग्नलला किंवा माजिवड्याच्या गर्दीत उभी असताना तापते, पण रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो, तर गंजाला दोष देण्याआधी पंखा, पट्टा आणि रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीतली धूळ बघा. उलट पाम बीच रोडला मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरने जाताना काटा हळूहळू चढत असेल तर पाणी हवं तेवढं फिरत नाहीये. रेडिएटरच्या नळ्या किंवा ब्लॉकच्या वाटा गाळाने अरुंद झाल्यात.

दुसऱ्या प्रकारात एक जागा बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे खालचा होज. पंपाच्या ओढीने तो चपटा होऊ नये म्हणून अनेक गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते. ती गंजून तुकडे होऊन पडते. मग गाडी उभी असताना सगळं छान, आणि वेगात होज आत दबला जाऊन पाणी अडतं. गाडी उभी करून कुणाला तरी आरपीएम वाढवायला सांगा आणि होजकडे बघा. आणि ती स्प्रिंग गेली कुठे हेही बघा, कारण तिचा गंज तुमच्याच रेडिएटरमध्ये गेलाय.

टेम्परेचर गन मिळाली तर इंजिन तापल्यावर बंद करून रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्येच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा बराच गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तशीच ब्लॉकच्या बाजूने पुढच्या सिलिंडरपासून मागच्यापर्यंत फिरवा. मागची बाजू पुढच्यापेक्षा चांगलीच गरम असेल तर गाळ मागे बसलाय. पंपापासून सगळ्यात लांब तीच जागा आहे, पाण्याचा जोर तिथे सगळ्यात कमी असतो.

आधी ब्लॉक, मग रेडिएटर

गॅरेजवाले नेमकं उलटं करतात. रेडिएटर उतरवणं सोपं, म्हणून तो काढतात, रॉडिंग करतात (नळ्यांतून पट्टी फिरवून गाळ काढतात), चकाचक करून बसवतात. ब्लॉकमधला गाळ मात्र तसाच. पुढच्या काही आठवड्यांत तो सुटून नव्याने मोकळ्या झालेल्या नळ्यांत जाऊन बसतो. रेडिएटरच्या नळीची आतली फट काही मिलिमीटरची, ब्लॉकमधून सुटलेली गंजाची एक पपडी ती बंद करायला पुरते.

त्यामुळे सुरुवात ब्लॉकपासून. गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचा खालचा कॉक आणि ब्लॉकवरचा ड्रेन कॉक, दोन्ही उघडा. ब्लॉकचा कॉक उघडला आणि थेंबही आला नाही, तर पाणी नाही असं नव्हे. तोंडाशी गाळ घट्ट बसलाय. कॉक पूर्ण काढून आत जाड तार फिरवा. जे पाणी बाहेर येईल ते बादलीत घ्या आणि मोजा. नंतर भरतानाही मोजा. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्यापेक्षा अर्धा-पाऊण लिटर कमी मावत असेल, आणि हवा नीट काढलेली असेल, तर तेवढी जागा आत गाळाने धरलीये. इतका स्वस्त आणि खरा मापदंड दुसरा नाही.

आमच्या कळव्याच्या मिस्त्रीमामांनी जे दाखवलं ते इथे लिहितो. आयुष्यभर टॅक्सीची इंजिनं उघडलेला माणूस. ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याच्या बशा ठोकलेल्या असतात, त्यांना आपल्याकडे वॉटर डमी म्हणतात. मामांनी सगळ्यात मागची डमी एका कडेला छिन्नी लावून तिरकी केली, पक्कडीने ओढून काढली. पाणी आलंच नाही. भोकात काळसर तांबडी भिंत दिसत होती, नुसती. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर आत घातला, तो दोन बोटं जाऊन थांबला. मग हळूहळू टोचून, बाजूने फिरवून त्यांनी ती भिंत फोडली आणि दाट चॉकलेटी चिखल घळघळ खालच्या ट्रेमध्ये पडला. त्यात पापुद्र्यासारख्या पपड्या, ओतकामाच्या वेळची वाळू आणि एक बोटभर लांबीची वाकडी तार. ती तार कारखान्यातलीच. ब्लॉक ओतताना वाळूचा गाभा धरून ठेवायला घालतात, काही राहून जातात. मामा म्हणाले, "अरे, वरून पाइप लावून काय होणार? पाणी ह्याच्या डोक्यावरून जातं नि तू म्हणतोस फ्लश झालं."

तेव्हा ज्यांच्या गाडीला कधीच डमी बदललेल्या नाहीत त्यांनी त्या काढूनच घ्याव्यात. तशाही त्या पत्र्याच्या असतात आणि आतून सगळ्यात आधी कुजतात. बाहेरून रंग दिसतो, आत कागदाएवढी जाडी उरलेली असते. नव्या पितळेच्या मिळाल्या तर उत्तम. आत खरवडायला स्पीडोमीटरची जुनी आतली केबल फार कामाची. टोकाकडचे धागे थोडे उसवून ड्रिलला लावायची आणि अगदी हळू फिरवायची. गॉगल घाला, तार उडते.

खरवडून झालं की उलटा फ्लश. थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढा, वरचा-खालचा होज काढा, आणि बागेचा पाइप वरच्या तोंडातून लावा, म्हणजे पाणी नेहमीच्या उलट दिशेने जाऊन पंपाच्या तोंडातून बाहेर येईल. डमीच्या भोकांतूनही आलटून पालटून पाणी मारा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करू नका. तांबडं पाणी फरशीवर डाग पाडतं आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत कमिटी योग्य कारणासाठी चिडते. पाण्याची सोय असलेलं गॅरेज बघा. गार पाणी गरम ब्लॉकवर कधीही मारू नका. बिडाला तडा जातो, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. रस्त्यात गाडी उकळल्यावर लोक बाटलीभर गार पाणी ओततात तेव्हाही हेच होतं.

ॲसिड वापरायचं तर कुठलं

हातानं निघत नाही तो गंज काढायला मी सायट्रिक ॲसिड सुचवीन, म्हणजे वाण्याकडे किंवा केमिकलच्या दुकानात मिळणारं लिंबूफूल. लिटरला ४०-५० ग्रॅम हे प्रमाण पुरेसं आहे. जास्त घालून लवकर होत नाही, ॲल्युमिनियमचं नुकसान मात्र होतं. थर्मोस्टॅट बाहेरच ठेवा, डमी आणि होज परत बसवा, साध्या पाण्यात विरघळवलेलं लिंबूफूल भरा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा. इंजिन कामाच्या तापमानाला आलं की पंधरा-वीस मिनिटं रेंगाळू द्या आणि बंद करून थोडं निवल्यावर, पण पूर्ण गार व्हायच्या आत, काढून टाका. पाणी गडद हिरवट-काळं किंवा तपकिरी येईल. रात्रभर आत ठेवायचा मोह टाळा, विशेषतः ॲल्युमिनियम हेडच्या गाडीत. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसीच्या इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे असल्यामुळे थोडी मोकळीक आहे, तरी रेडिएटरचा डाख तिथेही आहेच.

त्यानंतर साध्या पाण्याने स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा घातलेलं पाणी दहा मिनिटं फिरवून उरलेलं ॲसिड मारा, पुन्हा धुवा. धुण्याचा सोडा नको, तो ॲल्युमिनियमला लागतो. कॉस्टिक तर त्याहून. रेडिएटरवाला सुटा रेडिएटर त्याच्या कॉस्टिकच्या टाकीत घालतो ती वेगळी गोष्ट, पद्मिनीच्या इंजिनात कॉस्टिक गेलं तर हेडच विरघळायला लागतं. आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी नको. गंज काढल्यावर ते थांबत नाही, बीड, ॲल्युमिनियम, डाख सगळं खात सुटतं.

थर्मोस्टॅटचं घर, पुली, बोल्ट असे सुटे लोखंडी भाग असतील तर काकवी पाण्यात मिसळून, एकास नऊ, त्यात आठवडाभर बुडवून ठेवा. सावकाश पण सुंदर साफ होतात, धातूला धक्का न लागता. ॲल्युमिनियमचा भाग मात्र त्यात टाकू नका. डबा बाल्कनीत झाकून ठेवा, वास येतो.

आता रेडिएटर. नळ्या थोड्याच बंद असतील तर उलटा करून खालून वर पाणी मारल्याने भागतं. जास्त असतील तर रॉडिंग. त्यासाठी वरची टाकी डाख काढून उघडतात, प्रत्येक नळीतून पट्टी फिरवतात आणि पुन्हा डाख देतात. हे काम करणारे आता कमी उरलेत. नव्या गाड्यांच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरला रॉडिंग नसतं, आणि पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्यापासून त्यांच्यावर चालणारी दुकानंही पांगली. नवी मुंबईत वाशीच्या ट्रक टर्मिनलकडे, ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला विचारत जा. ट्रकचा तांब्याचा रेडिएटर करणारा कारागीर तुमचाही करील. टाकी उघडल्यावर आपण समोर उभं राहावं. नळ्यांच्या तोंडात दिवा धरून पलीकडचा उजेड दिसतो का ते स्वतः बघावं. किती नळ्या त्याने कायमच्या बंद केल्या तेही विचारावं. दहातली एखादी चालेल, त्याहून जास्त असतील तर कोर बदला.

काय भरायचं

थर्मोस्टॅट परत बसवा. ठाण्याच्या उकाड्यात त्याची काय गरज, असं म्हणणारे खूप आहेत. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं, तेलात ओल राहते, आणि बिघडलेला रेडिएटर झाकला जातो एवढाच काढण्याचा 'उपयोग'. पातेल्यात पाणी तापवून, थर्मोस्टॅट दोऱ्याने तळाला न टेकता लोंबकळवून, थर्मामीटर लावून बघा. बहुतेक ८० अंशांच्या आसपास उघडतात. आकडा त्याच्यावर कोरलेला असतो.

पाण्याबद्दल माझं ठाम मत आहे. बोअरचं आणि टँकरचं पाणी इंजिनात घालू नये. घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांत नळाला तेच येतं. बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो तोच थर सिलिंडरच्या भिंतीवर बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. खाडीकाठच्या बोअरमध्ये खारटपणा असतो, तो तर गंजाचं खाद्यच. महापालिकेचं पाणी धुण्यासाठी चालेल, कायमचं भरायला डिस्टिल्ड वॉटरच घ्या, बॅटरीवाल्याकडे पाच लिटरचा कॅन मिळतो. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. एसीचं ठिबकणारं पाणी शेवटच्या खळबळण्यासाठी वापरायला हरकत नाही, पण त्यात धूळ असते.

नुसतं डिस्टिल्ड वॉटरही पुरत नाही. गंज रोखणारं रसायन कूलंटमध्ये असतं, म्हणून कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. तांब्या-पितळेच्या, डाख दिलेल्या रेडिएटरसाठी जुन्या पद्धतीचं हिरवं, सिलिकेट किंवा फॉस्फेटवालं घ्या. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, डब्यावरचं वाचा. लाल-गुलाबी ऑरगॅनिक ॲसिडवालं नव्या गाड्यांना चांगलं, जुन्या डाखासाठी मी ते वापरत नाही. अर्धं कूलंट, अर्धं पाणी यापलीकडे जाऊ नका, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. हिरवं कूलंट दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. त्यातलं रसायन वेळेनुसारही संपतं.

पूर्वी मिस्त्री पाण्यात थोडं कटिंग ऑइल घालायचे, पाणी दुधाळ व्हायचं. ते गंजाला खरंच रोखतं, पण रबरी होज फुगवतं. आज कूलंट मिळत असताना त्याची गरज नाही. हळदीचं मात्र स्पष्टच सांगतो. रेडिएटर गळतोय म्हणून मूठभर हळद टाकणं हा आपल्याकडचा जुना रस्त्यातला उपाय, घरी पोहोचण्यापुरता. पोहोचल्यावर ती त्याच दिवशी धुऊन काढली नाही तर रॉडिंग करतानाही निघत नाही इतकी घट्ट बसते.

भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा भरा. आणि हे सगळं धुण्याच्या दिवशीच करा. रविवारी साफ केली, यंत्रणा रिकामी ठेवली, कूलंट पुढच्या रविवारी, असं चालणार नाही. ओल्या, उघड्या, नुकत्याच ॲसिडने साफ केलेल्या बिडावर हवा मिळाली की काही तासांत नवा गंज धरतो. पावसाळ्यात तर त्याहून लवकर.

पहिले काही आठवडे वरच्या होजमध्ये, रेडिएटरच्या तोंडाशी, जुन्या नायलॉनच्या पातळ मोज्याचा तुकडा पिशवीसारखा बसवा आणि होजच्या क्लिपखाली त्याची कड दाबून ठेवा. सुटलेल्या पपड्या तिथे अडकतात. दर थोड्या फेऱ्यांनंतर काढून धुवायचा. विसरलात तर तोच बूच होऊन गाडी तापवेल, म्हणून डॅशबोर्डवर चिठ्ठी लावा. दोनदा तीनदा स्वच्छ निघाला की कायमचा काढून टाका.

उभ्या गाड्या

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करता येते, नंबरात 'व्हीए' येतं, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांसाठीच बाहेर. म्हणजे गाडी उभीच जास्त. उभ्या गाडीत पाण्याच्या रेषेवर, जिथे ओल आणि हवा भेटतात, तिथे गंज सगळ्यात जोरात धरतो. पातळी तिच्या नेहमीच्या जागेखाली जाऊ देऊ नका आणि महिन्यातून एकदा तरी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा. पाच मिनिटं सुरू करून बंद केलेलं चालत नाही, वरचा होज हाताला गरम लागला पाहिजे.

काढलेलं कूलंट गटारात किंवा झाडात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात, थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि डब्यात भरून वापरलेलं इंजिन ऑइल परत घेणाऱ्या गॅरेजला द्या.

महिन्याभराने इंजिन गार असताना खालच्या कॉकमधून पेलाभर कूलंट काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर ठेवा. वर हिरवं नि तळाला चिमूटभर तांबडं बसलं, पातळी मात्र जिथल्या तिथे आहे, तर राहिलेला जुना गाळ निघतोय. पुढच्या वेळी कूलंट थोडं लवकर बदला, एवढंच. सगळंच तांबूस झालंय आणि पातळीही खाली गेलीये, तर पुन्हा ॲसिड विकत घेऊ नका. झाकण, पंपाचं छिद्र, खालच्या होजची क्लिप, हेड गॅसकेट, ह्याच क्रमाने परत तपासा. मला आजवर बहुतेक वेळा उत्तर पहिल्या तिनांतच मिळालंय.